झाडावरची खेकडी

कॉकपिट कंट्रीत पाणी शोधायचं तर मान वर करावी लागते. खाली बघून काही उपयोग नाही. जमेकाच्या पश्चिमेकडचा हा मुलूख अख्खा चुनखडीचा. गोल माथ्याच्या टेकड्या एकमेकींना खेटून उभ्या, मधे खोल खळगे, आणि सगळ्यावर इतकं दाट रान की खालचा दगड आधी पायाला कळतो, मग डोळ्यांना. पाऊस चिक्कार. पण पडलेलं पाणी जमिनीवर थांबत नाही. लाखो वर्षं पावसानेच विरघळवून केलेल्या भेगांतून ते सरळ पोटात शिरतं आणि कुठल्या कुठे, डोंगराच्या पायथ्याशी नदी होऊन बाहेर पडतं. विंडसर नावाच्या वस्तीजवळ मार्था ब्रे नदी अशीच उगम पावते. वर रानात मात्र ओढा नाही, तळं नाही, म्हशीला डुंबायला डबकंसुद्धा नाही.

अशा ठिकाणी खेकडे राहतात असं मला कुणी मुंबईत सांगितलं असतं, तर मी त्याला चिंबोऱ्यांचं कालवण वाढून गप्प बसवलं असतं. त्यातून हे खेकडे राहतात झाडावर!

माझा भाचा किंग्स्टनला नोकरीला आहे. जमेकात येऊन मावशी समुद्रावर न जाता डोंगरात शिरायचं म्हणते, हे त्याला पटलेलं नव्हतं. “मावशी, लोक इथे पाण्यात पाय सोडून बसायला येतात,” तो गाडी चालवताना दोनदा म्हणाला. रस्त्याला खड्डे होते, त्यामुळे दुसऱ्यांदा म्हणताना त्याचा सूर जरा चढलेला होता. दोन्ही बाजूंना यामचे मळे. याम म्हणजे आपल्या कोकणातल्या करांद्या-कणगरांच्या जातकुळीतला कंद. ट्रेलॉनी परगण्याचा पिवळा याम साऱ्या बेटावर नावाजलेला. वेल चढवायला एकेका वेलाशेजारी एकेक काठी रोवलेली. काठ्यांचं शेतच म्हणा ना. त्या काठ्या कुठून येतात हे तेव्हा मी विचारलं नाही.

या डोंगरांना इतिहास आहे आणि तो मराठी माणसाला ऐकताक्षणी आपला वाटतो. उसाच्या मळ्यांतून पळालेले आफ्रिकी गुलाम या खळग्यांत येऊन राहिले. त्यांना मरून म्हणतात. लाल डगलेवाल्या इंग्रज पलटणी त्यांच्या मागावर आल्या, तेव्हा या लोकांनी अंगावर पाला बांधून, अडचणीच्या वाटेवर दबा धरून त्यांना जेरीस आणलं. गनिमी कावाच तो. अखेर 1739 साली इंग्रजांना त्यांचा पुढारी कुजो याच्याशी तह करावा लागला. ॲकॉम्पाँग हे मरूनांचं गाव आजही तिथे आहे.

इतक्या कोरड्या खडकावर माणसं पाणी कुठलं पीत असतील, या प्रश्नाचं एक उत्तर त्याच्याही आधीच्या लिखाणात सापडतं. 1687 साली हान्स स्लोन नावाचा तरुण डॉक्टर जमेकात आला. पुढे याच्याच संग्रहावर ब्रिटिश म्युझियम उभं राहिलं. इथल्या झाडांवर वाढणाऱ्या ‘वाइल्ड पाइन’ नावाच्या वनस्पतीबद्दल त्याने लिहून ठेवलं, की तिच्या पानांच्या बेचक्यांत पावसाचं पाणी साठतं आणि तहानेल्या वाटसरूला ते जीवदान ठरतं. त्याच सुमाराचा दर्यावर्दी विल्यम डँपिअर याने मेक्सिकोच्या किनाऱ्यावर असल्याच झाडाच्या बुडाशी सुरी खुपसून पाणी टोपीत धरल्याचं वर्णन केलं आहे. टोपी धुतलेली होती का, हे त्याने सांगितलेलं नाही.

‘पाइन’ म्हणजे इथे चीड वृक्ष नव्हे, पाइनॅपल. ही सगळी अननसाची भावकी. पुण्याच्या नर्सरीत ब्रोमेलियाड म्हणून रंगीत पानांच्या महागड्या कुंड्या मिळतात, त्याही याच कुळातल्या. या कुळात तीन हजारांहून अधिक जाती आहेत, आणि पश्चिम आफ्रिकेतली एक सोडली तर बाकी सगळ्या मूळच्या अमेरिका खंडांतल्या. खुद्द अननस पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्याला लागला. गोव्यात किंवा सिंधुदुर्गात कुणाकडे अननसाची लागवड असेल तर पावसाळ्यात पान जरा ओढून बघावं. देठापाशी घोटभर पाणी असतं. वाइल्ड पाइनने त्या घोटाचा संसार केला आहे.

आमच्याबरोबर जवळच्याच गावचा एक वाटाड्या होता. साठीचा, सडपातळ, हातात लांब पात्याचा कोयता. मला तो ‘मिस’ म्हणत होता आणि भाच्याला ‘यूथ’. तासभर चढल्यावर त्याने एका खडकापाशी थांबवलं. झाडावर चढायची वेळ आलीच नाही. छातीएवढ्या उंचीवर, दगडालाच धरून, वाइल्ड पाइनचा एक थोराड गड्डा वाढलेला होता. हात-सव्वा हात लांबीची जाड पानं, कडेला बारीक काटे, सगळी एका केंद्रातून बाहेर फाकलेली. मुळं होती, पण ती नुसती दगड धरून ठेवायला. खाणं-पिणं सगळं पानांच्या बुडातून. प्रत्येक पान खाली रुंद होऊन पुढच्या पानाला असं घट्ट लपेटतं की मधे एक खोबण तयार होते, आणि प्रत्येक खोबणीत वेगळं पाणी. वरून पडलेला पाला, मेलेले किडे, राहणाऱ्यांची विष्ठा हे सगळं त्या पाण्यात कुजतं आणि पानं तो रस शोषून घेतात. म्हणजे मुळं मातीत नसली तरी खताची सोय आहे.

वाटाड्याने विजेरी माझ्या हातात दिली. बाहेरच्या खोबणीतलं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं. तळाशी काळा गाळ, वर डासांच्या अळ्या वळवळत होत्या. नाक जवळ नेलं तर कुजकट वास. शेजारच्या खोबणीतही तेच; शिवाय एक बारीक, निमुळता किडा शेपटीवर तीन पिसं लावल्यासारखा गाळावर बसला होता. ती टाचणीची अळी. चतुराची नाजूक बहीण ती टाचणी. या जातीची टाचणी जमेकाबाहेर कुठेच सापडत नाही आणि तिचं सारं बालपण अशा खोबणीत जातं. दिसायला गरीब, पण खालचा जबडा पुढे फेकून भक्ष्य पकडणारी पक्की शिकारी.

मग त्याने आतल्या बाजूचं एक पान कोयत्याच्या मुठीने हलकेच दाबलं. “इथे बघा, मिस.”

या खोबणीतलं पाणी स्वच्छ होतं. एकही पान नाही, गाळ नाही, तळ लख्ख दिसत होता. आणि त्या तळाशी गोगलगाईंचे रिकामे, पांढरे पडलेले शंख पडलेले. हाताने वेचून टाकावेत तसे. काठाशी, पान आणि पाणी यांच्या सांध्यात, नखाएवढे तीन-चार खेकडे चिकटून बसले होते, आणि त्यांच्या मागे, दोन पानांच्या फटीत, विटकरी रंगाची आई. पाठ रुंदीला जेमतेम दोन सेंटिमीटर. चपटी इतकी, की ती त्या फटीत शिरली कशी हा प्रश्न पडू नये. विजेरीचा झोत पडताच तिने दोन्ही नांग्या उघडल्या. पळाली नाही. माझं बोट तिच्यापासून वीतभर होतं आणि ते तिथेच राहिलेलं बरं, असं तिने मला पुरेसं स्पष्ट सांगितलं.

हा खेकडा शास्त्राला ठाऊक होऊन सव्वाशे वर्षं उलटली. मेरी रॅथबन या अमेरिकन विदुषीने 1896 साली त्याला मेटोपॉलियास डिप्रेसस असं नाव दिलं. पण तो घरात काय करतो, हे कळायला 1980 चं दशक उजाडावं लागलं. रुडॉल्फ डीझल नावाच्या जर्मन संशोधकाने या झाडांतलं पाणी खोबणीगणिक तपासलं, आणि त्याच्या ध्यानात आलं की आई पिल्लांसाठी चांगली जागा शोधत नाही. ती बनवते.

गोष्ट अशी आहे. या झाडातलं पाणी खेकड्याच्या पिल्लाला मुळात विषच. पाला कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. पहाटेपर्यंत साध्या खोबणीत तो जवळजवळ उरतच नाही. कुजण्याने पाणी आंबटही होतं. आणि तिसरं, पावसाच्या पाण्यात चुना नसतो. खेकड्याला वाढायचं तर पुन्हा पुन्हा कात टाकावी लागते आणि दर वेळी नवं कवच घडवायला कॅल्शियम लागतं. समुद्रात ते हवं तेवढं असतं. झाडावर कुठून आणणार? चुनखडीचा अख्खा डोंगर पायाखाली आहे, पण तो खाली.

तेव्हा आई आधी खोबण साफ करते. एकेक कुजकं पान नांगीत धरून बाहेर फेकते. पाला गेला की प्राणवायू टिकतो. मग ती गोगलगाईंचे रिकामे शंख शोधून आणते आणि पाण्यात सोडते. शंख हळूहळू विरघळतो. त्याने पाण्याचा आंबटपणा मरतो आणि चुनाही मिळतो. एका दगडात दोन पक्षी. डीझलने मोजमापं घेतली तेव्हा या बाळंतखोलीतल्या पाण्यात शेजारच्या खोबणींपेक्षा प्राणवायू जास्त, कॅल्शियम जास्त आणि आम्लता कमी निघाली. आमच्या आज्जीच्या फडताळात गरोदर सुनांसाठी चुन्याच्या निवळीची बाटली असायची. मी त्या खडकापाशी उभी राहून त्या बाटलीची आठवण काढली, आणि भाच्याला सांगितलंही. त्याने विचारलं, “मावशी, पण हिला कुणी सांगितलं?”

शंखांचा तोटा या बेटाला नाही, हेही इथलंच वैशिष्ट्य. जमेकात जमिनीवरच्या गोगलगाईंच्या पाचशेहून अधिक जाती आहेत, आणि त्यातल्या बहुतेक जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. चुनखडी आहे म्हणून गोगलगाई मातल्या. गोगलगाईंनी डोंगराचा चुना पाठीवरच्या घरात साठवला, गाय मेली, घर उरलं, आणि ते घर खेकडीने उचलून झाडावर नेलं. पाणी आभाळातून येतं आणि चुना डोंगरातून. दोघांची गाठ घालायला दोन सेंटिमीटरची खेकडी. मला विचाराल तर त्या रानात याच्याहून नवलाची गोष्ट दुसरी नाही. नांग्या उघडणं, पिल्लांपुढे उभं राहणं हे कुठलीही आई करील. पण पाण्याला हात घालणं, त्याचा गुण बदलणं!

आपल्या खाडीतली चिंबोरी आठवून बघा. अंडी सोडायची वेळ झाली की ती समुद्राकडे जाते, लाखांनी पिल्लं पाण्यात सोडते आणि वळूनही बघत नाही. त्यांतली किती जगतात याचा हिशोब समुद्राकडे. ही झाडावरची मात्र नव्वदच्या आसपास पिल्लं एका खोबणीत सोडते आणि त्यांच्यावर पहारा करते. अंड्यातून निघाल्यावर दहाएक दिवसांत ती पिल्लं खेकड्याचा आकार घेतात. त्या दिवसांत टाचणीची अळी हा सगळ्यात मोठा धोका. आईला उचलून बाजूला केलं की अळ्या पिल्लं फस्त करतात, हेही डीझलने तपासून पाहिलं होतं. आई असली की ती अळीला पकडून मारते. मग ती झुरळं आणि वाणी-पैशासारखे किडे मारून आणून पिल्लांना चारते. हे कौतुक पुढे काही महिने चालतं. आधीच्या वीणेची थोरली पोरंही कित्येकदा त्याच झाडात आईजवळ राहतात.

टोपलीतल्या खेकड्यांची गोष्ट मराठी माणसाने स्वतःबद्दल इतक्या वेळा सांगितली आहे, की आपल्याला ती प्राणिशास्त्रातली वाटते. झाकण नको, एक वर चढला की बाकीचे पाय ओढतात वगैरे. यापुढे कुणी व्यासपीठावरून ती सांगू लागला तर मी उठून जमेकाचा पत्ता देणार आहे.

“हे खातात का?” भाच्याने वाटाड्याला विचारलं. मी विचारणारच होते. तो मनापासून हसला. म्हणाला, “खाणार काय त्यात? एक वाटी भरायला अख्खं रान उपसावं लागेल.”

समुद्रापासून हे प्राणी इतके लांब आले कसे? 1998 साली डीएनएच्या अभ्यासातून असं दिसलं, की सुमारे चाळीस लाख वर्षांपूर्वी एका समुद्री पूर्वजाने जमेकाच्या जमिनीवर पाय ठेवला आणि त्याच्या वंशजांनी बेट वाटून घेतलं. कुणी डोंगरातल्या ओढ्यांत राहिले, कुणी गुहांच्या अंधारात गेले. एक जात तर गोगलगाईच्या रिकाम्या शंखातच थोडं पाणी धरून पिल्लं वाढवते. शंखाची किंमत त्या घराण्याला आधीपासून कळलेली दिसते. आणि ही एक शाखा झाडावर चढली.

पाण्यासाठी झाडाकडे बघणारी ती एकटी नाही. जमेकातला एकही मूळचा बेडूक जमिनीवरच्या तळ्यात अंडी घालत नाही. काहींनी डिंभकाची अवस्थाच टाकली. अंड्यातून थेट इवलासा बेडूक बाहेर येतो. उरलेले वाइल्ड पाइनच्या किंवा झाडाच्या ढोलीतल्या पाण्यात संसार मांडतात. त्यातल्या एकाची तऱ्हा ऐकण्यासारखी. तांबूस रंगाची ही बेडकी खोबणीत अंडी घालते, डिंभक निघतात, पण एवढ्याशा पाण्यात एवढ्या तोंडांना खायला काय? मग आई परत येते आणि आणखी अंडी घालते. ती पिल्लं व्हायला नसतात, आधीच्या पिल्लांनी खायला असतात.

याच पाण्यात तिळाहून लहान शिंपल्यांतले जीव असतात, कोळंबीचे दूरचे नातलग. फ्रिट्झ म्युलर या जर्मन निसर्गवेड्याला ते ब्राझीलमधल्या ब्रोमेलियाडमध्ये 1880 च्या सुमारास सापडले, आणि त्याला प्रश्न पडला: यांना पोहण्यापलीकडे काही येत नाही, तर हे एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातात कसे? पुढे उत्तर मिळालं. बेडकाच्या अंगाला चिकटून. कोस्टारिकाच्या क्लोदोमिरो पिकादोने तर या झाडांतल्या पाण्यावरच पॅरिसमध्ये प्रबंध लिहिला, 1913 साली, आणि अडीचशेच्या घरात जीवजाती नोंदवल्या. नंतर तो सापाच्या विषाकडे वळला आणि त्या कामाने नावारूपाला आला.

सगळंच काही गोड नाही. तिकडे त्रिनिदाद बेटावर कोकोच्या मळ्यांत सावलीसाठी पांगाऱ्याच्या जातीची उंच झाडं लावलेली, त्यांवर ब्रोमेलियाडची दाटी, आणि त्या पाण्यात मलेरियाचा डास. जमिनीवरची डबकी बुजवून ताप हटेना, कारण डबकी डोक्यावर होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कॉलिन पिटेंड्रिघ यांनी हे कोडं तिथेच राहून उलगडलं. अखेर मोरचुदाच्या फवाऱ्याने ती झाडंच मारावी लागली. त्या मळ्यांत राबणाऱ्यांत गिरमिटिया भारतीय घराणी मोठ्या संख्येने होती. जमेकातही ती 1845 पासून आली, म्हणून आज इथल्या हॉटेलात रस्सा मटणाचाच असतो, आणि त्याला नाव ‘करी गोट’.

आपल्याकडे ब्रोमेलियाडचं रान नाही, पण झाडावरचं पाणी आहे. केरळच्या सह्याद्रीत, तिरुअनंतपुरमजवळच्या डोंगरांत, झाडांच्या ढोलीत साठलेल्या पाण्यात राहणारा एक लांब पायांचा खेकडा तिथल्या काणी आदिवासींना पिढ्यानपिढ्या माहीत होता. शास्त्रात त्याची नोंद 2017 साली झाली, आणि नावात काणींचं नाव आलं.

उतरताना मी वाटाड्याला यामच्या काठ्यांबद्दल विचारलं. त्याने कोयता वर करून रान दाखवलं. काठी म्हणजे कोवळं झाड. दर हंगामाला नव्या काठ्या लागतात, मळ्याजवळची संपली की माणूस आणखी आत जातो. त्याने स्वतः आयुष्यभर तोडल्या होत्या आणि त्यात लपवण्यासारखं त्याला काही वाटत नव्हतं. काठीशिवाय याम होत नाही आणि यामशिवाय पोरांची फी भरली जात नाही. त्याला राग होता तो बॉक्साइटवाल्यांचा. याच चुनखडीच्या खळग्यांत तांबडी माती साठलेली आहे आणि तिच्यात ॲल्युमिनियम. 2017 साली पंतप्रधान अँड्र्यू होल्नेस यांनी कॉकपिट कंट्रीची हद्द जाहीर केली, तिच्या आत खाणकाम होणार नाही असं सांगितलं. “रेघ कागदावर आहे,” वाटाड्या म्हणाला, “आणि रेघेच्या पलीकडेपण रान आहेच की.” मी दगडावरून पाय घसरू नये म्हणून खाली बघत चालले होते, त्यामुळे हो-नाही काही बोलले नाही.

शेरवुड कंटेंट गावात भाच्याने गाडी थांबवली. निखाऱ्यावर भाजलेला याम आणि खारवलेला मासा. याम बाहेरून करपलेला, आत पिवळा आणि पिठूळ; आम्ही उभ्याउभ्याच खाल्ला. टपरीवरच्या बाईंनी चौकशी केली, कुठून आलात, काय बघितलंत. मी उत्साहाने सांगितलं: वाइल्ड पाइनमधला खेकडा, शंख, पिल्लं, सगळं.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. लहानपणी त्यांना त्या झाडात हात घालायची सक्त मनाई होती, विंचू असतात म्हणून. मग त्यांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघितलं.

“भारतातून आलात, खेकडा बघायला,” त्या म्हणाल्या. “आणि हे उसेन बोल्टचं गाव आहे, हे कुणी सांगितलं नाही वाटतं?”